लटकणाऱ्यांना शिस्त शिकवू नका

9 जून 2025 ला मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकलच्या दारांत उभी असलेली माणसं एकमेकांना घासून रुळांवर पडली. पाच जण गेले. तेव्हापासून पुण्याच्या माझ्या मावसभावाचं एकच पालुपद चालू आहे: "लोकांना शिस्तच नाही. तुमच्या लंडनला लटकतं का कुणी?" दादाने लोकलच्या दांड्याला हात लावूनही जमाना झाला.

नाही लटकत कुणी. दार लागल्याशिवाय इथली गाडी हलतच नाही. यात शिस्त कुठे आली?

मी लंडनच्या सरबिटन उपनगरात राहतो. घोडागाड्यांचा धंदा बुडेल म्हणून शेजारच्या किंग्स्टन गावच्या लोकांनी रूळ गावात येऊ दिले नाहीत, असं सांगतात. मग 1838 मध्ये गावाबाहेर स्टेशन झालं आणि त्याच्याभोवती सरबिटन वाढलं. आजची पांढरी इमारत, तो घड्याळाचा मनोरा, 1937 च्या सुमाराचा. लिफ्ट आहे, लंडनचं मोठं वॉटर्लू स्टेशन वीसेक मिनिटांवर आहे. पण संध्याकाळी वॉटर्लूच्या बोर्डावर फलाटाचा नंबर लागला की सुटाबुटातली माणसं कशी धावत सुटतात, ते दादाने एकदा बघावं.

ठाणे सरबिटनहून 15 वर्षांनी लहान. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून 14 डबे आणि 400 पाहुणे घेऊन गाडी आली ती इथेच. आमचं घर कळव्याला. तिथे फास्ट थांबत नाही, म्हणून रोज सकाळी आधी ठाणे गाठायचं. आत शिरतानाच प्रश्न यायचा, "कुठे?" दादर म्हटलं की आत सरकवायचे, घाटकोपर म्हटलं की दाराशी ठेवायचे. सॅक पोटावर, एक पाय टेकलेला, दुसरा कुणाच्या तरी बुटावर, आणि त्यात घाटकोपर, कुर्ला, दादर अशी उतरणाऱ्यांची रांग चालत्या गाडीत आपोआप लागायची. तिघांच्या बाकावर चौथ्याला जागा मिळायची. एका चौरस मीटरमध्ये 14 ते 16 माणसं उभी! रेल्वेच याला 'सुपर डेन्स क्रश लोड' म्हणते. एवढ्या गर्दीत हे रोज जमवणाऱ्यांना बेशिस्त म्हणायचं?

29 सप्टेंबर 2017 ला एल्फिन्स्टन रोडच्या अरुंद जिन्यावर 23 जण चेंगरून गेले, तेव्हाही दादाचं म्हणणं हेच होतं. पुढे लष्कराने नवा पूल बांधला आणि फेब्रुवारी 2018 मध्ये तो खुलाही झाला. ठाण्याचा पाच नंबर फलाट 2024 मध्ये 63 तासांचा ब्लॉक घेऊन रुंद केला. करायचं ठरवलं की होतं. आधी का ठरत नाही, यावर दादा बोलत नाही.

परवा त्याने विचारलं, "एवढा पुळका आहे तर गेलास कशाला?" झोंबलं, कारण मी निघालो त्यात त्या गाडीचाही वाटा होता. तिशीतच त्या गर्दीने मी थकलो होतो. आता ठाण्याला गेलो की ताई म्हणते, "लोकलने नको जाऊस, सवय राहिली नाही तुला." तरी मी जातो, आणि फलाटावर गाड्यांमागून गाड्या सोडत उभा राहतो. अंगाला ती गर्दी आता झेपत नाही, हे ताईला सांगवत नाही. सरबिटनच्या गाडीत कुणाचा धक्का लागत नाही, कुणी "कुठे?" विचारतही नाही. इतक्या वर्षांत तिथल्या एकाही सहप्रवाशाचं नाव मला माहीत नाही. कळव्याची माणसं मात्र अजून मला माझीच वाटतात, म्हणून त्यांना कुणी बेशिस्त म्हटलं की माझा तोल जातो.

आता साध्या लोकललाही आपोआप लागणारी दारं बसवणार म्हणतात. जरूर बसवा. पण गाड्या तेवढ्याच ठेवून दारं लावली, तर आज दारात उभं राहून कामावर जाणारा माणूस उद्या कशाने जाणार, हे दादाने मला सांगावं.