एका दिवसाचा परवाना

वाद पेटला तो पक्याच्या एका वाक्यावरून. "दाइकॉन म्हणजे पाच मिनिटांचं कार्टून. त्या संमेलनात बाकी काय झालं, कुणाला आठवतंय?"

मास्तर वाणिज्य शिकवायचे, त्यामुळे ‘बाकी’ या शब्दावर ते हटकून थांबतात. "बाकी म्हणजेच सगळं, पक्या. २२ आणि २३ ऑगस्ट १९८१, ओसाका, मोरिनोमिया पिलोती हॉल. हॉलचं भाडं, छपाई, पाहुणे, दोन दिवसांचे कार्यक्रम. कार्टून ही नांदी होती. नांदी झाली म्हणजे नाटक झालं का?"

"लोकांनी नांदीच लक्षात ठेवली, त्याला मी काय करू?"

ज्यांना संदर्भ नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जपानमध्ये विज्ञानकथेच्या चाहत्यांचं वार्षिक संमेलन १९६२ पासून भरतं. पहिलं तोक्योच्या मेगुरो भागात झालं. आपल्या साहित्य संमेलनासारखंच ते गावोगाव फिरतं, फक्त तिथे गावाबरोबर नावही बदलतं. तोक्योत भरलं की तोकॉन, ओसाकात भरलं की दाइकॉन. ओसाका लिहिताना ‘ओ’साठी जी खूण काढतात तिचाच दुसरा उच्चार ‘दाइ’. आणि दाइकोन म्हणजे जपानीत मुळा. हा विनोद तिथे १९६४ च्या पहिल्या ओसाका संमेलनापासून चालत आलेला. १९८१ चं संमेलन एकूण विसावं, पण ओसाकाचं तिसरं, म्हणून दाइकॉन ३. भरवणारी मंडळी ओसाकाभोवतीच्या कन्साई भागातल्या कॉलेजांमधल्या विज्ञानकथा मंडळांतली. पुढे होते ओकादा तोशिओ आणि किन्की विद्यापीठातला ताकेदा यासुहिरो. उद्घाटनाची फिल्म करायला त्यांनी ओसाका कला विद्यापीठातली तीन पोरं धरली: यामागा हिरोयुकी, आन्नो हिदेआकी आणि आकाई ताकामी. सेलवर, म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकच्या पानांवर, रंगवून चित्रपट करायचा अनुभव तिथे कुणालाच नव्हता.

फिल्मची गोष्ट एवढीच: पाठीवर दप्तर घेतलेल्या एका शाळकरी मुलीला पेलाभर पाणी दिलं जातं. वाटेत यंत्रमानव, राक्षस, गॉडझिला, जो आडवा येईल त्याच्याशी ती लढते आणि शेवटी ते पाणी एका सुकलेल्या मुळ्याला घालते. मुळ्याचं अंतराळयान होतं आणि ती त्यात बसून निघून जाते.

"आता हे काढायचं कशावर ते बघा," मिनू म्हणाली. ती अ‍ॅनिमेशनच्या धंद्यातली, त्यामुळे पुढची वीस मिनिटं तिचीच होती. "सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर पाच मिनिटांच्या ७,२०० होतात. एक चित्र दोन फ्रेम टिकवलं तरी ३,६०० चित्रं, तीन फ्रेम टिकवलं तर २,४००. त्यातही एका फ्रेममध्ये एकावर एक दोन-तीन सेल असू शकतात. खरा सेल अ‍ॅसिटेटचा, आणि विद्यार्थ्याच्या खिशाला महाग. म्हणून या लोकांनी काय केलं? अ‍ॅनिमेच्या, म्हणजे जपानी कार्टूनच्या, दुकानातून एकच सेल विकत घेतला, तो नमुना म्हणून पूर्व ओसाकातल्या व्हिनाइलच्या कारखान्यात नेला आणि तसलंच दिसणारं व्हिनाइल मागितलं. २,००० येनला अख्खा गुंडाळा मिळाला."

"स्वस्तात पटवलं की!" पक्या.

"स्वस्त कसलं! कापून, रंगवून, एकावर एक ठेवले, तर सेल एकमेकांना चिकटले. वेगळे वाळवावेत तर रंगाचे पापुद्रे सुटायला लागले."

इथे बापूंनी मान हलवली. बापूंचं झेरॉक्सचं दुकान आहे. "होणारच. माझ्याकडे गिऱ्हाईक रोज मऊ प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये मार्कशीटची झेरॉक्स घालतं आणि दोन वर्षांनी रडत येतं, अक्षरं प्लॅस्टिकवर गेली म्हणून. व्हिनाइल मुळात कडक असतं. ते मऊ पडावं म्हणून त्यात तेलासारखं द्रव्य मिसळतात, आणि ते हळूहळू वर येत राहतं. त्याच्यावर टोनर टिकत नाही, तर पाण्यातला रंग काय टिकणार?"

"शिवाय गुंडाळ्यावरून कापलेला तुकडा सपाट बसत नाही," मिनू म्हणाली. "कॅमेऱ्याखाली वरून काच दाबावी लागते. कडा वर आली की दिव्याची झाक पडते. सेलला रंग मागून लावतात, रेघ पुढून असते. मागचा पापुद्रा निघाला की त्या फ्रेममध्ये पात्राच्या गालाला भोक. म्हणजे वाळला की लगेच शूट करायचं, साठवून ठेवायचं नाही. तुझ्या स्वस्त गुंडाळ्याने कामाचा क्रमच बदलून टाकला."

"आणि भोकं?" बापूंनी विचारलं. छपाईवाल्याचा जीव नेहमी जुळणीत.

"त्यांनी पंचही घरीच बनवला होता. कागद साधा बी-५. अ‍ॅनिमेशनच्या कागदाला कडेला तीन भोकं लागतात, मधलं गोल, बाजूची दोन लांबट. त्या भोकांतून खुंट्या जातात, म्हणून शंभर चित्रं एकाच जागी बसतात. समजा चित्राची २० सेंटिमीटर रुंदी पडद्यावर सहा मीटर झाली. म्हणजे तीसपट. भोक अर्धा मिलिमीटर सैल असलं तर पडद्यावर दीड सेंटिमीटरची उडी, आणि ती सेकंदाला बारा वेळा. प्रेक्षकाला वाटतं चित्रकाराचा हात थरथरतोय. थरथरत असतो पंच."

फिल्म ८ मिलिमीटरची. पन्नास फुटी रिळात फुटाला ७२ प्रमाणे ३,६०० फ्रेम बसतात, म्हणजे २४ च्या वेगाने अडीच मिनिटं. पाच मिनिटांना दोन रिळं झाली. पण एकदाही न चुकता एवढ्यात कुणाचं भागतं? ओकादाच्या घरातल्या एका रिकाम्या खोलीत हा कारखाना चालला होता. पूर्ण वेळ तिघंच, बाकीचे येऊन-जाऊन हात लावणारे.

"हेच तर म्हणतोय मी," पक्या उसळला. "करामत फिल्मचीच."

"अरे, पण ती पुरी का झाली?" मास्तरांनी मुद्दा धरला. "संमेलनाची तारीख हलत नाही म्हणून. तिकडे संमेलनाला कायमचं कार्यालय नसतं. एखादा गट पुढे येतो, चाहत्यांच्या मंडळांची देशभराची बैठक त्याला संमेलन देते, त्या वर्षापुरती कार्यकारी समिती होते आणि संमेलन झालं की मोडते. नोंदणीची फी आधीच जाहीर करावी लागते. हॉलचे पैसे आधी, छपाई आधी, सभासदांना टपालाने तयारीच्या प्रगतीचे अंक पाठवायचे तेही आधी. लोक मात्र नाव नोंदवतात शेवटी. खर्च डोक्यावर आणि जमा वाटेत. आपल्या गणपती मंडळाला निदान पुढच्या वर्षीची वर्गणी असते. इथे पुढच्या वर्षी गाव दुसरं, समिती दुसरी. तूट आली तर ती कुणाच्या खात्यावर टाकणार?"

"कुणाच्या?"

"ज्यांनी सह्या केल्या त्यांच्या. म्हणून तर फिल्मच्या ८ मिलिमीटरच्या प्रती आणि व्हिडिओ विकायला काढले. आणि ते खपले. पुढच्या खेपेची सोय त्यातून झाली. संमेलनात विकलेल्या मालालाही गिऱ्हाईक होतं, ते बघून फेब्रुवारी १९८२ मध्ये ओसाकात ‘जनरल प्रॉडक्ट्स’ नावाचं दुकान उघडलं. विज्ञानकथेच्या वस्तूंचं दुकान. नावसुद्धा लॅरी निवेन या अमेरिकन लेखकाच्या विज्ञानकथांमधल्या कंपनीचं उचललेलं."

"उचललेलं!" बापू हसले. "इथेच येणार होतो मी. सगळंच उचललेलं. गॉडझिला कुणाचा? अल्ट्रामॅनच्या मालिकेतल्या पथकाची माणसं कुणाची? परवानगी कुणी मागितली?"

पक्या जरा नरमला, पण १९८३ च्या फिल्मकडे वळला. दाइकॉन ४, २० आणि २१ ऑगस्ट १९८३, ओसाकाच्याच कोसेई नेन्किन हॉलमध्ये. मधल्या काळात आन्नो ‘मॅक्रॉस’ मालिकेवर काम करून आला होता आणि ते दिसतं. सुरुवातीला आधीच्या फिल्मची उजळणी, मग ती मुलगी मोठी होऊन सशाच्या कानांच्या पोशाखात येते आणि एका उडत्या तलवारीवर उभी राहून आभाळात फिरते. मागे इलेक्ट्रिक लाइट ऑर्केस्ट्रा या ब्रिटिश बँडचं गाणं. पडद्यावर पात्रं इतकी की थांबवून मोजावीत. तांत्रिकदृष्ट्या दोन्ही फिल्मांमध्ये दोन वर्षांचं नव्हे, दहा वर्षांचं अंतर वाटतं. इथे पक्याचं म्हणणं मला पटतं.

"आणि ती दुकानात मिळते का?" बापूंनी शांतपणे विचारलं.

मिळत नाही, हे कट्ट्यावर सगळ्यांनाच ठाऊक. गाण्याची परवानगी नाही, पात्रांची नाही. एका चित्रपुस्तकासोबत लेझरडिस्क निघाली होती, ती आता संग्राहकांच्या कपाटात. आयजीच्या जिवावर बायजी उदार होते खरी, पण मग बायजीला ते ताट स्वतःच्या नावावर कधीच विकता येत नाही. संमेलनात, एका दिवशी, चाहत्यांपुढे दाखवायला चालून गेलं. बाजारात मांडायला नाही.

"म्हणून पुढे कंपनी काढली ना," मिनू म्हणाली. "२४ डिसेंबर १९८४, गायनॅक्स. पहिला चित्रपट १९८७ चा, बांदाई या खेळण्यांच्या कंपनीच्या पैशांवर, दिग्दर्शक यामागा. त्यात सगळं स्वतःचं. देश, लिपी, नाणी, विमानं, जे पडद्यावर दिसेल ते नव्याने रचलेलं."

"आणि २०२४ मध्ये तीच कंपनी दिवाळखोरीत गेली," मास्तर म्हणाले. "मग दाइकॉनमधून आज चालू काय आहे ते सांग."

पक्याकडे उत्तर नव्हतं. गंमत म्हणजे उत्तर त्याच्याच धंद्यातलं होतं. पक्या रेझिनच्या मूर्ती ओततो.

जनरल प्रॉडक्ट्स गॅरेज किट विकायचं, म्हणजे हौशी माणसाने घरी बनवलेले, थोड्या संख्येचे मूर्तींचे संच. मूळ नमुना मातीत किंवा पुटीत घडवायचा, त्यावर सिलिकॉन रबर ओतून दोन भागांचा साचा करायचा, त्यात दोन घटकांचं रेझिन मिसळून ओतायचं. मिश्रण काही मिनिटांत घट्ट व्हायला लागतं, तेवढ्यात बुडबुडे काढायचे. राहिले तर नाकाच्या शेंड्याला खड्डा पडतो. साचा वीस-तीस ओतींत फाटायला लागतो, आधी पातळ कडा जातात. म्हणजे हा धंदा मुळात पन्नास-शंभर नगांचा. आता एवढ्या मालासाठी कुठली बडी कंपनी वर्षाचा करार करेल? आणि करार नाही तर सगळा माल चोरीचा.

"त्यावर त्यांनीच तोड काढली," बापू म्हणाले. "१९८५ पासून वंडर फेस्टिव्हल नावाची जत्रा भरवली, हौशी मूर्तिकारांची. आणि तिच्यासाठी एका दिवसाचा परवाना."

त्याची रीत अशी. विकणाऱ्याने मूळ हक्कदाराच्या दारात जायचं नाही. कित्येक महिने आधी जत्रेच्या आयोजकांकडे अर्ज द्यायचा: पात्र कुठलं, आकार किती, किंमत किती, नग किती, आणि नमुन्याचे फोटो. आयोजक सगळे अर्ज गोळा करून त्या त्या कंपनीकडे पाठवतात. कंपनी हो म्हणते, नाही म्हणते, किंवा हे बदला म्हणते. हो आलं की किमतीच्या प्रमाणात मानधन भरायचं. परवाना त्या दिवसापुरता, त्या जागेपुरता, तेवढ्या नगांपुरता. कंपनीला शंभर हौशी लोकांशी शंभर करार करावे लागत नाहीत, हौशी माणसाला वकील लागत नाही.

बिघडतं ते बहुधा वेळेत. अर्जाच्या वेळी नमुना अर्धवट असतो, फोटो वाईट निघतो, उत्तर ‘नाही’ येतं. किंवा ‘चेहरा बदला’ असं येतं, आणि तोवर साचा ओतून झालेला असतो. म्हणून जाणकार आधी फोटोपुरता नमुना पूर्ण करतात आणि साच्याचं रबर होकार आल्यावरच आणतात.

१९९२ पासून ही जत्रा काइयोदो ही ओसाकाकडचीच मूर्तींची कंपनी चालवते. वर्षातून दोनदा, हिवाळी आणि उन्हाळी. तोक्योजवळच्या माकुहारी मेस्सेचे अवाढव्य हॉल तिला लागतात.

"म्हणजे ज्यांनी कुणालाही न विचारता गॉडझिला नाचवला, त्यांनीच विचारायची खिडकी उघडली," मास्तर म्हणाले. "ही माझी बाकी."

पक्या अजून हिशेबात अडकलेला. "समजा मी तीस नग नेले, एकोणीस खपले. उरलेले अकरा?"

"घरी ने."

"दुसऱ्या दिवशी ऑनलाइन टाकले तर?"

"चोरी," बापू म्हणाले. "पुढच्या जत्रेत विकायचे तर पुन्हा अर्ज, पुन्हा मानधन."

"बरं, मग मला ती सशाच्या कानांची मुलगी करायची असेल तर?"

"ती त्या पोरांनी स्वतःच रचलेली. तिचा अर्ज देता येईल."

"तलवारीवर उभी हवी."

बापूंनी चहाचे पैसे टपरीवर ठेवले. "ती तलवार मायकेल मूरकॉकच्या कादंबऱ्यांतली. तिचा अर्ज वेगळा."