लाल किल्ल्यावरचा तो झेंडा खलिस्तानी नव्हता

२६ जानेवारी २०२१ ला कृषी कायद्यांविरुद्धच्या आंदोलनातले काही जण दिल्लीत लाल किल्ल्यात शिरले, त्या दिवसाचा विषय निघाला की आजही कुणीतरी ठासून सांगतं, "तिरंगा उतरवून खलिस्तानी, म्हणजे वेगळं शीख राष्ट्र मागणाऱ्यांचा, झेंडा लावला होता!" यातल्या दोन्ही गोष्टी खोट्या आहेत. तिरंगा कुणी उतरवला नव्हता, तो आपल्या जागी फडकत होता. त्या दिवशीच्या व्हिडिओंत ते स्वच्छ दिसतं. आंदोलकांपैकी एक जण चढला तो दुसऱ्या, रिकाम्या खांबावर, आणि त्याने लावला तो निशाण साहिब, शिखांचा धार्मिक झेंडा.

नांदेडच्या माणसाला हे सांगावं लागत नाही. १७०८ साली गुरू गोविंदसिंग आमच्या गावात, गोदाकाठी निवर्तले. सचखंड हुजूर साहिब शिखांच्या पाच तख्तांपैकी, म्हणजे सर्वोच्च धर्मपीठांपैकी, एक. होळीच्या हल्लाबोल मिरवणुकीत निशाण साहिब निघतो तेव्हा बघायला सगळं गाव लोटतं. त्रिकोणी झेंडा, मधोमध खंडा म्हणजे दुधारी तलवार, चक्र, दोन बाजूंना दोन तलवारी. जगातल्या प्रत्येक गुरुद्वाऱ्यावर तो असतो.

तो तिथे लावणं चूकच होतं. राष्ट्रीय स्मारकावर, तेही प्रजासत्ताक दिनी, कुठल्याच धर्माचा झेंडा चढता कामा नये. त्या दिवशीच्या हिंसाचारात शेकडो पोलीस जखमी झाले, त्याचंही समर्थन होऊ शकत नाही. आंदोलन चालवणाऱ्या शेतकरी संघटनांच्या आघाडीने, संयुक्त किसान मोर्चाने, त्याच दिवशी यापासून हात झटकले.

पण चुकीला चूक म्हणणं वेगळं आणि एका अख्ख्या समाजाच्या श्रद्धेला देशद्रोहाचा शिक्का मारणं वेगळं. वृत्तवाहिन्यांच्या काही अँकरनी तेच केलं. कुठल्याही गुरुद्वाऱ्यात एक फोन केला असता तर झेंडा कुणाचा ते कळलं असतं. तो केला नाही, कारण नुसत्या धार्मिक झेंड्यावर रात्रभर आरडाओरडा करता येत नाही. तीन कृषी कायदे, हमीभाव, दोन महिने थंडीत बसलेली माणसं, सगळं 'खलिस्तान' या एका शब्दाखाली गाडलं गेलं.

आणि शब्द तरी कोणता! पंजाबने ज्याच्या नावाखाली हजारो माणसं गमावली, तो. १९८४ च्या नोव्हेंबरात दिल्लीत सरकारी आकड्यानुसारच २,७३३ शीख मारले गेले. एखाद्या समाजाला सरसकट गुन्हेगार ठरवलं की काय होतं, ते ज्या शहराने पाहिलं त्याच शहरातल्या स्टुडिओंतून हे चाललं होतं, याची मला आजही चीड येते.

लाल किल्ल्यापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर, चांदणी चौकात, शीशगंज गुरुद्वारा आहे. १६७५ साली औरंगजेबाच्या हुकमाने गुरू तेगबहादूरांचा तिथे शिरच्छेद झाला. १७८३ मध्ये शीख सरदार बघेलसिंगांचं सैन्य याच किल्ल्यात शिरलं होतं. त्या झेंड्यामागे ही सगळी आठवण होती. ती सांगितल्याने कृत्य माफ होत नाही, पण बातमी पुरी होते.

फॅक्ट-चेक लगेच आले. ते वाचले किती जणांनी? ज्या वाहिनीने रात्री नऊला चुकीचं सांगितलं, तिने रात्री नऊलाच, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत आणि तितकाच वेळ दुरुस्ती दाखवावी. हा नियम सक्तीचा झाला पाहिजे.