‘वकिलांचा धंदा’ म्हणण्याआधी

नमस्कार. अमेरिकी नौदलाच्या जुन्या युद्धनौकांवरच्या अ‍ॅस्बेस्टॉस या उष्णता अडवणाऱ्या तंतुमय खनिजाबद्दल मी लिहिलं, त्यावर तुमचं म्हणणं असं: ते आवरणाखाली बंद होतं, मग धोका कसला? नौसैनिकांचं चाळीस वर्षांनी उपटलेलं दुखणं वयाचं, नाहीतर सिगारेटचं. आणि खटले म्हणजे वकिलांचा धंदा.

आवरण शाबूत असेल तर धोका कमी, हे बरोबर. पण वाफेवर चालणाऱ्या जहाजात ते शाबूत राहतं कुठे? व्हॉल्व्ह गळायला लागला की आधी पाइपावरचं लॅगिंग, म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉसचं उष्णता अडवणारं वेष्टन, फोडायचं, मग जोड उघडायचा. आतलं गॅस्केट, म्हणजे गळती रोखणारी अ‍ॅस्बेस्टॉसची चकती, उष्णतेने लोखंडाला असं चिकटलेलं असतं की ते पात्याने आणि तारेच्या ब्रशने खरवडावं लागतं. वर लॅगिंगची पूड पाण्यात कालवून पुन्हा लिंपायची. हे सगळं कोंदट इंजिन रूममध्ये. धूळ खरवडणाऱ्याच्या नाकात जाते तशीच शेजारी गेज वाचत उभ्या असलेल्याच्याही. झोपायच्या जागेवरूनसुद्धा असेच पाइप गेलेले असत. आगीपासून जहाज वाचवायला अ‍ॅस्बेस्टॉस उपयोगी होतं, मान्य. म्हणून त्या पोरांना धुळीबद्दल सांगायचंही नाही?

सिगारेटचं म्हणाल, तर दोन आजारांची गल्लत होतेय. अ‍ॅस्बेस्टॉस आणि धूम्रपान एकत्र आले की फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका कैक पटींनी वाढतो, हे खरं. पण मेसोथेलिओमा, म्हणजे फुप्फुसावरच्या पातळ आवरणाचा कॅन्सर, सिगारेटने होत नाही. त्याचं अ‍ॅस्बेस्टॉसशी असलेलं नातं 1960 मध्येच दक्षिण आफ्रिकेतल्या खाणपट्ट्यातल्या रुग्णांवरून मांडलं गेलं. तंतू आत गेल्यापासून आजार दिसेपर्यंत साधारण 20 ते 50 वर्षं जातात, म्हणून तो म्हातारपणाचा वाटतो. अमेरिकेचे माजी नौदलप्रमुख अ‍ॅडमिरल एल्मो झुमवॉल्ट 2000 साली याच आजाराने गेले.

आता वकील. सेवेत झालेल्या इजेसाठी सैनिकाला सरकारवर दावा लावता येत नाही, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1950 मध्येच ठरवलंय. मग उरतात कंपन्या. त्या म्हणायच्या, आम्ही नुसते पंप आणि टर्बाइन दिले, अ‍ॅस्बेस्टॉस नौदलाने नंतर चढवलं. 2019 मध्ये याच न्यायालयाने सांगितलं की अ‍ॅस्बेस्टॉसशिवाय यंत्र चालणारच नसेल आणि धोका ठाऊक असेल, तर वापरणाऱ्यांना इशारा देण्याची जबाबदारी कंपनीला झटकता येत नाही. दोन मृत नौसैनिकांच्या बायका यासाठी भांडल्या. वकिलांनी पैसे कमावले असतीलच, पण त्यामुळे त्या बायकांचं म्हणणं खोटं ठरत नाही.

शिवाय माजी सैनिक विभागाकडून मिळणाऱ्या भरपाईसाठी वकील लागतोच असं नाही. मान्यताप्राप्त सैनिक संघटना तो अर्ज फुकट भरून देतात. अर्जात कोणत्या जहाजावर, कोणत्या वर्षी, काय काम केलं ते मात्र नीट लिहावं लागतं.