संडे स्कूल म्हणजे मंडळीचं पाळणाघर नाही

सर्वांना सलाम. बरेच दिवस मनात होतं, आज लिहूनच टाकते, जरा लांबेल पण वाचा.

मागच्या रविवारी माझ्या संडे स्कूलच्या, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या रविवारच्या वर्गात, पवित्र शास्त्रातल्या जक्कयाची गोष्ट होती. आमच्या चर्चच्या आवारात मागच्या बाजूला उंबराचं मोठं झाड आहे, मी सतरंजी उचलली आणि अख्खा वर्ग तिथेच नेला, कारण आपल्या मराठी पवित्र शास्त्रात जक्कय उंबराच्याच झाडावर चढतो, लूक १९ काढून बघा. यरीहोतलं ते झाड म्हणजे अगदी आपलं उंबर नाही, पण त्याच कुळातलं, त्यालाही खोडाला नि जाड फांद्यांना असेच फळांचे घोस लागतात. भाषांतर करणाऱ्यांनी किती जवळचं झाड शोधलं बघा, आपल्या पोरांना चित्र दाखवायची पण गरज नाही. तर मी सांगत होते, जक्कय ठेंगणा होता, जकातदारांचा मुख्य होता, पैसेवाला होता, गर्दीत येशू दिसेना म्हणून पुढे पळत जाऊन झाडावर चढला. सात-आठ वर्षांचा एक पोरगा, एरवी दोन मिनिटं एका जागी बसत नाही, त्याने हात लांब करून एक कच्चं उंबर तोडलं, देठातून पांढरा चीक आला, ते बोट माझ्यासमोर धरून म्हणतो, "टीचर, हा कपड्याला लागला ना तर जात नाही, आई लय ओरडते. जक्कयाचे तर भारी कपडे असतील ना?"

मला पुढे बोलताच येईना. लहानपणापासून ही गोष्ट ऐकतेय, या गोष्टीवर किती उपदेश ऐकले असतील, पण चांगल्या कपड्यांचा चीक कुणी सांगितला नव्हता. पुढे येशू त्याच्या घरी जातो आणि तो आपलं अर्धं धन गोरगरिबांना द्यायला निघतो ना, ते घरी जेवायला बसल्यावर अचानक सुचलं असं मला आजवर वाटायचं. पण त्याने सोडायला सुरुवात झाडावर चढतानाच केली होती की! आता ही गोष्ट मी कधीच पहिल्यासारखी सांगू शकणार नाही.

हा आनंद मला शब्दात नीट सांगता येत नाही. अकरा वर्षं झाली हा वर्ग घेतेय. नगर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, पस्तीसेक पोरं, चार वर्षांपासून बारा वर्षांपर्यंतची. कुणाचे वडील ऊसतोडीला जातात, कुणाची आई नर्स आहे, कुणी फक्त आजीबरोबर येतं. दहाला उपासना सुरू होते आणि पहिलं गीत झालं की पोरं माझ्यामागे रांगेत बाहेर पडतात, तेव्हा शेवटचं पोरगं माझा पदर धरून चालतं. दर वर्षी ते शेवटचं पोरगं बदलतं, पदर धरायचा मात्र राहत नाही.

आता जे बोलायचंय ते बोलते. खूप ठिकाणी मुलांच्या वर्गाकडे असं बघतात की मोठ्यांना उपदेश शांतपणे ऐकता यावा म्हणून पोरं कुठेतरी नेऊन बसवायची. खोली कुठली, तर जिथे जुन्या खुर्च्या नि मंडपाचं सामान ठेवलंय ती. शिकवायला कोण, तर ज्याला नाही म्हणता आलं नाही तो. आणि पोरं जोरात गायली की कुणीतरी येऊन सांगणार, जरा आवाज कमी करा. मला याचं खरंच वाईट वाटतं. शिष्य पोरांना हाकलत होते तेव्हा येशू रागावला होता हो, मार्क १० मध्ये स्पष्ट लिहिलंय.

संडे स्कूलची सुरुवात तरी कशी झाली बघा. इंग्लंडात ग्लॉस्टर शहरात १७८० च्या सुमारास रॉबर्ट रेक्स नावाच्या वर्तमानपत्रवाल्याने गरीब पोरांसाठी रविवारी शाळा काढली, कारण ती पोरं बाकीचे सहा दिवस कामावर असायची, सुट्टी फक्त रविवारी. तिथे आधी वाचायलाच शिकवायचे. आणि आपल्याकडे? अमेरिकन मराठी मिशनने १८७२ मध्ये 'बालबोधमेवा' हे खास मुलांसाठीचं मासिक काढलं, दीडशे वर्षांपूर्वी! म्हणजे आपल्या जुन्या लोकांना कळत होतं की पोरांना त्यांचं स्वतःचं, चांगलं छापलेलं काहीतरी द्यावं लागतं. आणि आज आम्ही शेजारच्या दुकानातून झेरॉक्स काढतो, ती पण काळीकुट्ट.

वाचण्यावरून आठवलं. माझ्या वर्गातली एक मुलगी दर रविवारी मिळालेलं सुवचन, म्हणजे पवित्र शास्त्रातली ओळ, घरी जाऊन आजीकडून पाठ करून घेते. आजीला अक्षरओळख नाही. पोरगी भाकरी थापणाऱ्या आजीसमोर बसते, एक ओळ ही म्हणते, एक ओळ आजी. मागच्या वर्षी उपासनेत साक्षीच्या वेळी, म्हणजे आपला देवाचा अनुभव उभं राहून सांगायच्या वेळी, आजी उभी राहिली आणि २३ वं स्तोत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत न अडखळता म्हटलं. सगळी मंडळी आजीकडे बघत होती आणि मी त्या पोरीकडे, तिचे ओठ आजीबरोबर हलत होते, आवाज न करता.

आणि गाणी! ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं पोरांना जड जातील असं मला पूर्वी वाटायचं. अजिबात नाही. टाळ हातात द्या, एकाला ढोलकी द्या, चाल लगेच तोंडात बसते, कारण टिळकांनी अभंगाचा, कीर्तनाचा ठेका घेतलाय, तो ठेका या पोरांनी गावच्या सप्त्यात, दिंडीत ऐकलेलाच असतो. ॲक्शन साँग पण घेते मी, ते तर लागतातच. पण टाळ वाजवताना पोरांच्या चेहऱ्यावर जे येतं ते वेगळंच.

म्हणून माझं म्हणणं इतकंच की उजेडाची खोली पोरांना द्या. चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचकमिटीच्या बजेटमध्ये रंग, कागद, खाऊ यांचा एक आकडा लिहा. ज्याला पोरं मनापासून आवडतात असा माणूस शोधा, त्याला तयारीला वेळ द्या. आणि पाळकसाहेबांनी महिन्यातून एकदा तरी सतरंजीवर येऊन बसावं, शिकवायला नाही, ऐकायला.

येत्या रविवारी हरवलेल्या मेंढराची गोष्ट आहे. वर्गातल्या दोघांच्या घरी शेरडं-मेंढरं आहेत, सुट्टीत तीच राखतात. ९९ मेंढरं मागे ठेवून हरवलेल्या एकामागे कसं जायचं, हे आधी त्या दोघांना विचारणार आहे, पुस्तक नंतर उघडेन.