एकच सुरावट, वीस मिनिटे: आफ्रोबीटवरून कट्ट्यावर झालेला वाद

“ऊर्जा भरपूर आहे, पण संगीत कुठे आहे?” असे आमच्यातल्या ख्याल ऐकणाऱ्या मित्राने विचारले आणि वादाला तोंड फुटले. विषय होता आफ्रोबीट, म्हणजे नायजेरियात घडलेले नाचाच्या लयीचे संगीत. नोकरीनिमित्त काही वर्षे नायजेरियातील लागोसला राहिलेला दुसरा मित्र तिथल्या इकेजा भागातील न्यू आफ्रिका श्राइन या संगीतगृहात ऐकलेल्या आफ्रोबीट वादक फेमी कुटीच्या कार्यक्रमाविषयी सांगत होता आणि त्या वाद्यवृंदाचे चित्रीकरण फोनवर हातोहात फिरत होते. ख्यालवाल्याचा आक्षेप असा की गिटारवर चार-सहा स्वरांची एकच सुरावट सतत वाजत राहते, रागविस्तारासारखी बढत कुठे दिसत नाही आणि उरतो तो केवळ घाम आणि नाच.

त्याला पहिले उत्तर मी दिले नाही, आमच्या कट्ट्यावरच्या ताशा वाजवणाऱ्या मैत्रिणीने दिले. ती म्हणाली, “अरे, पथकात टोलवाला तासभर एकच ठोका देतो. तो कंटाळून जरा इकडेतिकडे झाला, की पन्नास ढोल कोसळतात. त्याच्या हातात काही नाही असे तू म्हणशील का?” माझ्या मते आफ्रोबीटचे मर्म नेमके याच ठिकाणी आहे. या संगीतात प्रत्येक वादकाच्या वाट्याला फार थोडे येते: एक गिटार अखंड चालणारी बारीक सुरावट धरते, दुसरी गिटार तिच्या फटीत आघात देते, बेस गिटार मध्येच श्वास घेतल्यासारखी थांबते आणि मण्यांची जाळी घातलेला वाळका भोपळा, म्हणजे शेकेरे, या साऱ्यांना बांधून ठेवतो. एकेकाचे वाजवणे वेगळे काढून ऐकले तर साधे वाटते, परंतु सगळे एकमेकांत अडकले की जी लय उभी राहते ती त्यांच्यापैकी कोणीच एकट्याने वाजवत नसतो. प्रेक्षकाला जो जोश दिसतो तो वादकांच्या संयमातून आलेला असतो, आणि त्याला मोकाट धुमाकूळ समजणे हा त्या वादकांवर अन्याय आहे.

यात टोनी ॲलनचे नाव घेणे भाग आहे. आफ्रोबीट घडवणाऱ्या फेला कुटीच्या वाद्यवृंदाचा हा ड्रमवादक दोन हात आणि दोन पाय चार वेगवेगळ्या माणसांचे असावेत असे वाजवत असे, आणि तेही आवाज न चढवता. पश्चिम आफ्रिकेतील हायलाइफ हे नृत्यसंगीत आणि अमेरिकी जॅझ या दोन्हींचे संस्कार त्याच्या हातात होते. 1970च्या दशकाच्या अखेरीस तो वाद्यवृंद सोडून गेला आणि त्यानंतरच्या ध्वनिमुद्रणांत लय अधिक जड झाली असे मला स्पष्ट जाणवते.

लागोसहून आलेल्या मित्राने मग थोरल्या कुटीकडे, म्हणजे फेमीच्या वडिलांकडे, चर्चा वळवली. अबेओकुटा येथे 1938 साली जन्मलेला फेला लंडनला संगीत शिकला, परतल्यावर हायलाइफ आणि जॅझ वाजवू लागला आणि 1969 साली अमेरिकेत गेल्यावर तिथल्या कृष्णवर्णीयांच्या लढ्याने त्याची दृष्टी बदलली. त्याची एक सवय ऐकून कट्ट्यावर सगळ्यांनाच धक्का बसला: जे गाणे एकदा ध्वनिमुद्रित झाले ते तो कार्यक्रमात सहसा वाजवतच नसे. ख्यालवाला म्हणाला की तिकीट काढून आलेल्या श्रोत्याला आवडते गाणे ऐकण्याचा हक्क आहे आणि तो नाकारणे हा अहंकार आहे. मला ते पटत नाही. फेलाची गाणी आधी श्राइनमध्ये, म्हणजे लागोसमधल्या त्याच्या स्वतःच्या क्लबमध्ये, श्रोत्यांसमोर महिनोन्‌महिने घडत आणि पुरती पिकल्यावरच ध्वनिमुद्रिकेत जात, त्यामुळे श्राइनमध्ये येणाऱ्याला जे मिळत होते ते ध्वनिमुद्रिका विकत घेणाऱ्याला अजून मिळालेलेच नसे. श्रोत्याला याहून मोठा मान कोणता द्यायचा?

“पण मग शब्दांचे काय? नाचणाऱ्याला शब्द ऐकू तरी येतात का?” हा त्याचा पुढचा प्रश्न होता आणि तो खरोखर चांगला होता. ‘झोंबी’ हे 1976 सालचे गाणे बारा मिनिटांहून थोडे मोठे आहे आणि त्यात पहिली काही मिनिटे गायक येतच नाही. तोवर अंगाने लय पकडलेली असते आणि मग हुकूम मिळाल्याशिवाय विचारही न करणाऱ्या सैनिकाचे वर्णन सुरू होते, ज्याला मागे उभ्या स्त्रिया एकाच शब्दाने उत्तर देतात. ते शब्द लष्कराला मात्र चांगलेच ऐकू गेले होते. फेब्रुवारी 1977मध्ये सुमारे एक हजार सैनिकांनी फेलाच्या वस्तीवर हल्ला केला, घर जाळले आणि त्याची आई फुनमिलायो हिला खिडकीतून खाली फेकले; अबेओकुटातील स्त्रियांचा करविरोधी लढा उभारणारी ही बाई पुढच्या वर्षी वारली. नाचत गायलेले गाणे हलके असते असे ज्याला वाटते, त्याने या घटनेकडे पाहावे.

फुनमिलायोचे नाव निघताच ताशावाली उसळली. अशा आईच्या मुलाने 1978 साली एकाच सोहळ्यात सत्तावीस स्त्रियांशी लग्न करावे आणि ‘लेडी’सारख्या गाण्यात बरोबरीचा मान मागणाऱ्या स्त्रीची टर उडवावी, हे तिला मान्य नव्हते. त्यांतल्या अनेक जणी त्याच्या वाद्यवृंदात गात आणि नाचत होत्या, आणि त्या हल्ल्यात त्यांनीही अत्याचार सोसले होते, असे लागोसवाल्याने सांगून पाहिले. ती म्हणाली, “म्हणजे मार त्यांनीही खाल्ला आणि नाव एकट्याचे झाले.” यावर मला उत्तर सुचले नाही आणि उत्तर शोधू नये असेच वाटते, कारण तिचे म्हणणे खरे आहे.

ख्यालवाल्याने निघताना एवढे मान्य केले की बढत स्वरांत नसेल, पण थरांत आहे. वाद्ये एकेक करून येतात आणि ब्रास वाद्यांचा ताफा एकदम उठतो तेव्हा आधीच्या पाच मिनिटांचा अर्थ लागतो. आवडते गाणे न वाजवणे हा अहंकारच, हे मात्र त्याने सोडले नाही.