‘गावाकडे बसलात की टीम सुटली’ : एका फॉरवर्डला उत्तर

‘पोरांनो, गावाकडे लॅपटॉप उघडून बसलात की करिअर संपलं’, अशा थाटाचा मजकूर सातारा-सांगलीच्या ग्रुपांवर सारखा फिरत असतो. त्यात साधारण पाच दावे असतात. घरून काम म्हणजे निम्मं काम. दिवसभर ऑनलाइन दिसतो तोच मन लावून काम करतो. समोर नसलेल्याला प्रमोशन मिळत नाही. आपल्याकडे वीज आणि नेटचा भरवसा नाही. आणि चहाच्या टपरीवर जे सुचतं ते कॉलवर सुचत नाही. सगळंच खोटं असतं तर सोडून दिलं असतं. यात खऱ्याची भेसळ आहे, म्हणून लिहितोय. माझी टीम पुण्याजवळच्या हिंजवडीत आणि बंगळुरात बसते, मी साताऱ्यात.

‘निम्मं काम’ हा हिशोब कुणी मांडला, ते मजकुरात कधीच नसतं. मोजमाप झालंय ते वेगळंच सांगतं. सीट्रिप या चिनी प्रवास कंपनीच्या शांघायमधल्या कॉल सेंटरात 2010-11 मध्ये नऊ महिने प्रयोग झाला. घरून काम करायची तयारी दाखवलेल्यांपैकी सम तारखेला जन्मलेले आठवड्यातले चार दिवस घरून, विषम तारखेचे ऑफिसातून. घरून काम करणाऱ्यांचं काम 13 टक्क्यांनी वाढलं, मुख्यतः सुट्ट्या आणि मधले ब्रेक कमी झाल्यामुळे. पण हा आकडा आपल्या बाजूचा म्हणून नाचवण्यातही अर्थ नाही. कॉल घेणं हे एकट्याचं काम आहे, टीमचं नाही.

टीमच्या कामाबद्दलचा अभ्यास तर फॉरवर्डवाल्यांच्या बाजूचा वाटेल. आशियातल्या एका मोठ्या आयटी कंपनीतल्या दहा हजारांहून जास्त लोकांचा कोविडकाळातला डेटा तपासला, तेव्हा ताशी उत्पादकता 8 ते 19 टक्क्यांनी घटलेली दिसली. इथे थांबलं तर ते जिंकले. पुढचं वाचा: लोकांनी तास जास्त भरले आणि एकूण काम जेमतेम तेवढंच झालं. हे वाढीव तास मीटिंगा आणि समन्वयात जात होते, सलग डोकं घालून बसायला वेळ उरत नव्हता. आळस कुठेच नव्हता.

म्हणूनच दिवसभर ऑनलाइन दिसण्याचा, म्हणजे चॅटवर नावापुढे लागणाऱ्या हिरव्या दिव्याचा दावा मला सगळ्यात घातक वाटतो. स्टेटस हिरवं ठेवायला माऊस आपोआप हलवणारं यंत्र बाजारात मिळतं. यावरून त्या दिव्याची किंमत कळावी. माझ्या आधीच्या एका कंपनीत दिवा पिवळा झाला, म्हणजे माणूस जागेवर नाही असं दिसलं, की फोन यायचा. परिणाम एवढाच झाला, की आम्ही सगळे चॅटला पटापट उत्तरं द्यायला शिकलो आणि अवघड कामं रात्रीवर ढकलायला लागलो. लांबून काम करणाऱ्याने दिसायचं असतं, पण लिहिलेल्या कामातून. ‘टेस्टिंग चालू आहे’ या अपडेटला काडीचा अर्थ नाही. त्याऐवजी असं लिहा: ‘पेमेंट स्क्रीन तपासून झाली. रिफंडची एक केस फेल होतेय, लॉग टिकेटवर टाकलाय. बॅकएंडकडून दुपारपर्यंत उत्तर आलं नाही तर मी रिपोर्टचं काम उचलतो.’ (लॉग म्हणजे सिस्टीमने ठेवलेली नोंद, टिकेट म्हणजे त्या कामाचं ऑनलाइन पान, बॅकएंड म्हणजे पडद्यामागची सिस्टीम सांभाळणारी टीम.) हे वाचून बंगळुरातला माणूस मला फोन न करता पुढचं काम करू शकतो. एक कॉल वाचला, दोघांचा वेळ वाचला. अडलं असेल तर तेही असंच चारचौघांत लिहावं. मॅनेजरला एकट्याला कानात सांगितलं की ती माहिती तिथेच राहते. गिटलॅब ही सॉफ्टवेअर कंपनी ऑफिसाशिवायच चालते आणि तिची कामाची पद्धत सांगणारी हँडबुक कुणालाही वाचता येते. त्यांचा सगळा भर याच लिहिण्यावर आहे. कॅमेऱ्याचं म्हणाल, तर नवा माणूस टीममध्ये आला असेल तेव्हा जरूर चालू ठेवा. रोजच्या स्टँडअपला, म्हणजे कोण काय करतंय ते सांगायच्या छोट्या मीटिंगला, त्याची सक्ती कशाला?

प्रमोशनचा मुद्दा मात्र मान्य करावा लागतो. त्याच सीट्रिपच्या प्रयोगात, सारखं काम करूनही घरून बसणाऱ्यांना बढती कमी मिळाली. पुढे याच कंपनीने, आता तिचं नाव ट्रिपडॉटकॉम, 1,612 जणांवर दोन दिवस घरून, तीन दिवस ऑफिस असा प्रयोग केला. 2024 मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यात बढतीत फरक दिसला नाही आणि नोकरी सोडणारे एक तृतीयांशाने घटले. पूर्ण वेळ लांब राहणाऱ्याने मग अप्रेझलची वाट बघत बसू नये. काय केलं, त्यामुळे कुणाचं काय अडायचं थांबलं, याची नोंद महिन्याच्या महिन्याला ठेवावी आणि मॅनेजरशी एकट्याने बोलताना ती समोर ठेवावी. आपल्याकडे स्वतःचं स्वतः सांगायला लाज वाटते. लांब बसून ही लाज परवडत नाही.

विजेचं थोडक्यात. इन्व्हर्टर, फायबर, आणि दुसऱ्या कंपनीचं सिम हॉटस्पॉटला. पावसाळ्यात वीज जाणार असेल तर आदल्या दिवशीच टीमला कळवायचं. 2019 सारखा पूर आला आणि कृष्णा सांगलीच्या आयर्विन पुलापाशी 57 फुटांवर गेली, तर सांगलीतलं ऑफिसही बंदच असतं.

राहिला चहा. मायक्रोसॉफ्टच्या अमेरिकेतल्या 61,182 कर्मचाऱ्यांचा 2020 च्या पहिल्या सहामाहीचा डेटा सांगतो, की सगळेच घरून काम करायला लागल्यावर लोक आपापल्या गटात जास्त गुरफटले आणि दुसऱ्या गटांतल्या लोकांना दिल्या जाणाऱ्या वेळेचा वाटा साधारण पाव हिश्शाने घटला. तेव्हा टपरीला किंमत आहेच. पण त्यासाठी रोज वाटेतला खंबाटकी घाट ओलांडण्याची गरज नाही. सातारा-पुणे 110 किलोमीटर, अधूनमधून जाता येतं. ज्या दिवशी जाल त्या दिवशी आपल्या टीमपेक्षा शेजारच्या टीमबरोबर जेवा, आणि मॅनेजरला आधीच सांगून ठेवा की आज कॉल लावू नका. नाहीतर पहाटेची एसटी पकडून हिंजवडी गाठायची आणि तिथे हेडफोन घालून बंगळुरशी बोलत बसायचं, हेही बरेच जण करतातच.