दूध निळं झालं म्हणून नीलम खरा ठरत नाही

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मावशीने एक निरोप ढकलला. वर शनिदेवाचं चित्र, खाली ठळक अक्षरांत ‘अस्सल नीलम घरीच ओळखा, फसू नका’ आणि त्याखाली सहा खुणा. दुधात टाकला की दूध निळं होतं. तोंडाची वाफ त्याच्यावर टिकत नाही. काचेवर ओरखडा उठतो. आत एकही डाग नसतो. जितका गडद तितका भारी. आणि भट्टीत तापवलेला असेल तर तो नकलीच. यंदा हा मजकूर मला चौथ्यांदा आला. मी ऑपेरा हाऊसजवळच्या एका छोट्या ऑफिसात खडे तपासते. हे वाचून खरेदी केलेली माणसं शेवटी माझ्याच टेबलासमोर पुडी उघडून बसतात, म्हणून लिहायला घेतलं.

दुधाचा प्रयोग मावशीच्याच गिरगावातल्या ओट्यावर केला. पांढऱ्या बशीत तळ जेमतेम झाकेल एवढं दूध, त्यात तिचा नीलम, वरून मोबाइलचा टॉर्च. खड्याभोवती निळसर झाक उमटली आणि मावशीने माझ्याकडे विजयी नजरेने पाहिलं. मग मी तिच्या शिवणाच्या डब्यातलं निळ्या काचेचं बटण शेजारी सोडलं. तीच झाक, किंचित जास्तच. निळ्या पारदर्शक वस्तूतून जाणारा उजेड निळा होऊन बाहेर पडतो आणि दुधातले स्निग्धाचे बारीक कण तो चहूकडे पसरवतात, एवढाच हा खेळ. त्यात दुधाला काही होत नाही. खडा बाहेर काढल्यावरही दूध निळंच राहिलं, तर खड्याला रंग फासलेला आहे. तो नीलम नव्हे, कपड्यांची नीळ.

निरोपात म्हटलंय की याला शास्त्राधार आहे. आहे, पण शास्त्रात लिहिलंय वेगळंच. गरुडपुराणातल्या रत्नपरीक्षेत, स्वतःच्या शंभरपट दुधाला निळाई देणाऱ्या इंद्रनीलाला, म्हणजे नीलमाला, ‘महानील’ म्हटलंय. ती रंगाच्या गहिरेपणाची पायरी झाली, खऱ्याखोट्याची कसोटी नव्हे.

वाफ आणि ओरखडा या दोन्ही खुणा एकाच ठिकाणी आपटतात. नीलम म्हणजे कुरुंद, धार लावायच्या दगडात असतो तोच. शुद्ध कुरुंद बिनरंगी. त्यात लोह आणि टायटॅनियम अगदी नखभर शिरलं की निळा होतो, क्रोमियम शिरलं की माणिक. कठीणपणाच्या दहापर्यंतच्या मापात हिरा १०, नीलम ९, खिडकीची काच साधारण साडेपाच. म्हणजे काचेवर ओरखडा नीलम काढतो, गार्नेट काढतो, साधी गारगोटीसुद्धा काढते. वरून खड्याच्या पैलूची कड उडायची भीती. वाफेचंही तसंच: नीलम उष्णता भराभर वाहून नेतो, म्हणून काचेपेक्षा त्याच्यावरची वाफ लवकर विरते, हे खरं. (मुंबईच्या जुलैत वाळत घातलेला रुमालही दोन दिवस सुकत नाही, तिथे वाफेचा हिशोब कुठे लावता?)

पण काच ओळखून भागत नाही. ऑग्युस्त व्हर्नुई या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९०२ मध्ये ज्वाळेत ॲल्युमिनाची, म्हणजे कुरुंद ज्याचा बनतो त्याच द्रव्याची, पूड वितळवून माणिक बनवायची रीत जाहीर केली आणि पुढच्या दहा वर्षांत त्याच रितीने निळा नीलमही निघाला. हा माणसाने बनवलेला नीलम म्हणजेही कुरुंदच. तेवढाच कठीण, तेवढाच जड, वाफेच्या बाबतीतही तसाच वागणारा. दुधाची, वाफेची, काचेची, तिन्ही परीक्षा तो पहिल्या वर्गात पास होतो.

मागच्या पावसाळ्यात लालबागचे एक गृहस्थ मुलाच्या साडेसातीसाठी घेतलेला सव्वापाच रत्तीचा नीलम घेऊन आले होते. दुकानदाराने त्यांच्यासमोर दुधाचा प्रयोग करून दाखवला होता. खडा आतून पाण्यासारखा स्वच्छ. सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर ग्रामोफोनच्या तबकडीवर असतात तशा वाकड्या रेघा आणि दोन-तीन हवेचे बुडबुडे. वितळलेलं द्रव्य थरावर थर साचून बनल्याची ती खूण. जमिनीत वाढलेल्या नीलमात रंगाचे पट्टे सरळ असतात आणि कोन करून वळतात. कमानी तो कधी घालत नाही.

म्हणून चौथी खूण मला सगळ्यांत घातक वाटते. आत एकही डाग नाही म्हणजे अस्सल? मोठा, निळाशार, निर्मळ आणि वर स्वस्त खडा दिसला की आम्ही आधी भुवया उंचावतो. निसर्गाचा खडा आत काही ना काही जपून ठेवतो. रुटाइल या टायटॅनियमच्या खनिजाच्या केसाहून बारीक सुया तीन दिशांनी एकमेकींना साठ अंशांत छेदतात, बाजारात त्याला रेशीम म्हणतात. खडा नीट वळवलात तर ते क्षणभर लकाकतं. हेच रेशीम दाट असेल आणि कारागिराने खडा घुमटाकार घासला, तर त्यावर सहा किरणांचा तारा उमटतो. काही खड्यांत भरून आलेली भेग असते, हुबेहूब अंगठ्याच्या ठशासारखी.

सिलोनी खड्यांची आणखी एक गंमत. कच्च्या दगडात निळा रंग कधी कधी एका कोपऱ्यातच असतो. कारागीर तो ठिपका नेमका तळाच्या टोकाशी ठेवून पैलू पाडतो आणि वरून बघणाऱ्याला अख्खा खडा निळा दिसतो. आडवा धरून पाहिलात तर पोट पांढरं. गिऱ्हाईक घाबरतं, ‘ताई, हा तर रंगवलेला!’ मी म्हणते, उलट खडा जमिनीतला असल्याचा हा बऱ्यापैकी भरवशाचा पुरावा आहे.

काश्मिरी नीलमाचं नाव सगळे घेतात. पाडर खोऱ्यात, सुमारे साडेचार हजार मीटर उंचीवर, १८८०च्या सुमारास दरड कोसळली आणि नीलम उघड्यावर आला. चांगला माल काही वर्षांतच संपला. त्याची ती मखमली निळाई अतिसूक्ष्म कणांवर उजेड विखुरल्यामुळे येते. थोडक्यात, ज्याला निरोपवाले डाग म्हणतात त्यामुळेच.

गडद म्हणजे भारी, हे तर दुकानातला पिवळा दिवा विझवला की मिटतं. खडा खिडकीपाशी न्या. तिथेही शाईची दौत दिसत असेल, आतून एकही निळी ठिणगी उठत नसेल, तर रंग जास्त झालाय.

तापवण्याचं जरा नीट समजून घ्या. श्रीलंकेतला ‘गेउडा’ हा दुधाळ, फिका कुरुंद एके काळी फेकून द्यायचे. १९७०च्या दशकात थायलंडमध्ये तो दीड हजार अंशांच्या वर तापवायला लागले. आतलं रेशीम विरघळलं, त्यातलं टायटॅनियम मोकळं झालं आणि खडा निळा झाला. आज बाजारातले बहुतेक नीलम तापवलेलेच आहेत, आणि ते नैसर्गिकच आहेत. न तापवलेल्या तोलामोलाच्या खड्याची किंमत बरीच जास्त असते, म्हणून गिऱ्हाइकाला ते न सांगणं ही लबाडी. बाहेरून रंगद्रव्य आत शिरवलेला खडा वेगळा, त्याची गल्लत करू नका. प्रयोगशाळेच्या कागदावर ‘नैसर्गिक’ आणि ‘तापवल्याची चिन्हं’ या दोन वेगळ्या नोंदी असतात. दोन्ही वाचा. आणि वजन कॅरेटमध्ये मागा. रत्ती दुकानागणिक बदलते. कॅरेट सगळीकडे २०० मिलिग्रॅम.

नीलम कुणाला धार्जिणा आणि कुणाला नाही, त्यात मी पडत नाही.

मावशीचा खडा पुसून लूपखाली, म्हणजे जवाहिऱ्याच्या छोट्या भिंगाखाली, धरला. कडेला अंगठ्याच्या ठशासारखी बारीक जाळी. तिने हळूच विचारलं, “डाग आहे ना गं? म्हणूनच तुझ्या काकांना स्वस्तात मिळाला होता.” तीस वर्षं मावशी ती अंगठी डागाची कड आतल्या बाजूला वळवून घालत आली आहे. सोमवारी ऑफिसात घेऊन ये म्हटलं, सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय मी तोंड उघडणार नाही. बशीतलं दूध तिने टाकू दिलं नाही. बटण काढून त्याचा चहा केला.